मूठभर मांस : मुळशी-मावळांतील विवाहनिवड आणि देहभार

विवाहसंबंध जुळवितांना वधूवरांचें शरीर पाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु शरीर पाहणें निराळें आणि शरीर तोलणें निराळें. पहिल्याचा पुरावा दोन हजार वर्षांचा आहे. दुसऱ्याचा, निवडीचें गमक ह्या अर्थानें, शंभर वर्षांपलीकडे फारसा जात नाहीं. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें एक चुकीची समजूत परंपरेच्या नांवाखालीं रूढ झाली आहे. तिची छाननी करण्याच्या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

समजूत अशी कीं, आपल्या पूर्वजांस सडपातळ मुलगीच मान्य असे, व अंगानें भरलेलीस नाकारणें हा जुना शिष्टाचार होय. मुळशी तालुक्यांत ही समजूत आज दोन टोकांस ऐकूं येते. पूर्वेस हिंजवडी व माण ह्या गांवांच्या शिवारांत, जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें, आतां संगणकाच्या धंद्याच्या इमारती उभ्या आहेत. तेथें नोकरीस आलेलीं तरुण माणसें मोबाइलवरील छायाचित्रें पाहून परस्परांची निवड करितात, आणि बोट एका बाजूस सरकविलें कीं नकार पुरा होतो. पश्चिमेस ताम्हिणीच्या अंगास वडीलधारी मंडळी अद्याप मुलगी पाहावयास जातात. दोन्हीकडे ‘वजन जरा जास्त आहे’ एवढें वाक्य नकारास पुरतें. ज्या मुलीस तें ऐकावें लागतें तिला वर असेंही सांगण्यांत येतें कीं, हें कांहीं नवीन नव्हे, पूर्वींपासून असेंच आहे. पूर्वींपासून काय होतें हें सांगणें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे. कै. राजवाड्यांनीं विवाहसंस्थेचा इतिहास हा संशोधनाचा विषय मानिला, तेव्हां हा प्रश्न ह्या पानांस परका आहे असें कोणी म्हणूं नये.

प्रथम लेणें पाहूं. मुळशीच्या उत्तरेस डोंगरांपलीकडे इंद्रायणीचें खोरें आहे, व त्यांत कार्ल्याचें चैत्यगृह आहे. ‘मावळ’ ह्या नांवाचें जुनें रूप ‘मामाळ’ हें येथील शिलालेखांतच आढळतें. म्हणून ह्या प्रदेशाविषयीं बोलतांना कार्ल्यापासून आरंभ करणें सयुक्तिक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या ह्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांचीं जोडपीं कोरलेलीं आहेत. पुरुष रुंद खांद्यांचे, जाड दंडांचे, डोक्यास भरदार पागोटें. स्त्रिया उंच, मांसल, भरल्या नितंबांच्या. कानांत जड कुंडलें, पायांत तोडे. दोघेही एकमेकांच्या सान्निध्यानें प्रसन्न आहेत. येथें कोणी तपस्वी नाहीं कीं कोणी रोडका नाहीं. हें चैत्यगृह व्यापाऱ्यांच्या व गृहस्थांच्या दानांतून उभें राहिलें. अर्थात् धान्यानें भरलेल्या घरांस जें शरीर स्पृहणीय वाटे तें त्या भिंतीवर उमटलें, असें समजण्यास हरकत नाहीं.

दुसरें साधन काव्य. हाल सातवाहनाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतांतील, आणि बऱ्याच अंशीं खेड्यापाड्यांच्या जीवनावरची. तींत व पुढील संस्कृत काव्यांत कृशता वारंवार येते, पण ती बहुधा विरहाची खूण म्हणून येते. प्रियकर दूर गेला कीं हात बारीक होतो आणि कांकण सैल होऊन गळतें. हा संकेत स्त्रियांपुरताच नाहीं. मेघदूताच्या आरंभीं यक्षाच्याच मनगटावरून सोन्याचें वलय गळून पडलें आहे. येथें एक आक्षेप रास्तपणें घेतां येईल : त्याच मेघदूतांत यक्षाची पत्नी ‘तन्वी’ म्हटली आहे, मग कवींस सडपातळपणा प्रिय होता हें खरेंच नव्हे काय ? होता. परंतु तोच कवि तिच्या नितंबभारामुळें मंद झालेली चालही वर्णितो. बारीक कंबर आणि भरलेलें अंग हीं एकाच देहांत नांदत असत. सर्वांगाचा भार कमी असणें हें सौंदर्य, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं.

धर्मशास्त्र व सामुद्रिक ह्यांचा पुरावा अधिक नेमका आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत कोणती कन्या वरावी हें सांगतांना अव्यंग शरीर, सौम्य नांव, हंसासारखी किंवा हत्तीसारखी चाल, बारीक केंस व दांत आणि मृदु अंग हीं लक्षणें दिलीं आहेत. हत्तीची चाल स्तुतीदाखल सांगणारा ग्रंथकार वजनास भीत होता असें म्हणवत नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत कन्यालक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथें नितंब विस्तीर्ण व मांसानें भरलेला असावा, असें म्हटलें आहे.

ह्याच ग्रंथांत पुरुषलक्षणाच्या अध्यायाच्या अखेरीकडे एक मजकूर आहे. त्याकडे आमच्या वाचकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधतों. तेथें मनुष्याचें वजन खरोखर सांगितलें आहे. जो अर्धा भार भरेल तो सुखी. त्याहून कमी भरेल तो दुःखी. एक भार भरणारा अति धनाढ्य. आणि दीड भार भरणारा सर्व पृथ्वीचा राजा. वीस तुलांचा, म्हणजे दोन हजार पलांचा, एक भार होतो. पल चार तोळ्यांचें धरलें तर अर्धा भार म्हणजे ४,००० तोळे, ऐंशी तोळ्यांच्या शेरानें एक मण दहा शेर, आजच्या मापानें सुमारें ४७ किलो. पूर्ण भार सुमारें ९३ किलो. दीड भार म्हणजे सुमारें १४० किलो. पलाचें मान देशकालपरत्वें बदले, म्हणून हे आंकडे अंदाजाचे समजावे; परंतु त्यांची दिशा बदलत नाहीं. वजन जितकें जास्त तितकें भाग्य थोर, आणि उणें वजन हेंच दुर्दैव.

ह्यापुढें वराहमिहिर सांगतो कीं, स्त्रीचें मान व उन्मान, म्हणजे उंची व वजन, तिच्या विसाव्या वर्षीं आणि पुरुषाचें पंचविसाव्या वर्षीं घ्यावें. हें वय महत्त्वाचें आहे. कन्येचा विवाह आठ ते बारा वर्षांत व्हावा असें सांगणाऱ्या स्मृतींच्या समाजांत विसाव्या वर्षीं स्त्री कधींच सासरीं गेलेली असे. तेव्हां हें तोलणें वधूपरीक्षेसाठीं नव्हतें. तें भविष्य जाणण्यासाठीं होतें. देहभाराची एवढी स्पष्ट गणती देणारा हा ग्रंथ वधूच्या निवडींत ती गणती आणीत नाहीं, हें आमच्या प्रतिपादनाचें मुख्य प्रमाण होय. सामुद्रिकाच्या हस्तलिखित पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं हा भाग आपल्या प्रतींत कसा उतरला आहे हें अवश्य ताडून पाहावें.

शास्त्राचा तराजू आणि प्रत्यक्षाचा तराजू ह्यांत अंतर किती असतें, ह्याचें उदाहरण मावळ्यांच्याच इतिहासांत आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं श्रीशिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. त्या वेळीं रायगडावर असलेल्या हेन्री ऑक्सेंडन ह्या इंग्रज वकिलाच्या वृत्तांतांत त्यांचें वजन सुमारें १६,००० होन भरल्याचें नमूद आहे. होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरल्यास तें ५४ किलोच्या आसपास येतें. शिवराई होन ह्याहून हलका असून सुमारें २.८ ग्रॅमचा भरतो. तो धरल्यास आंकडा ४५ किलोपर्यंत उतरतो. होन कोणता हें ठरल्यावांचून वजन ठरत नाहीं, हें नाणकशास्त्र जाणणाऱ्यांस सांगणें नको. कोणताही होन घेतला तरी वराहमिहिराच्या पृथ्वीपतीच्या निम्म्याइतकेंही हें वजन होत नाहीं. जो पुरुष शास्त्राच्या कोष्टकाप्रमाणें केवळ ‘सुखी’ वर्गाच्या उंबरठ्यावर उभा राहतो, त्यानें राज्य स्थापिलें. आणखी एक गोष्ट अशी कीं, १६६४ सालीं सुरतेच्या इंग्रज धर्मगुरूनें पाहणाऱ्यांच्या तोंडून ऐकून महाराजांचें जें वर्णन लिहून ठेविलें त्यांत मध्यम बांधा, ताठ व प्रमाणबद्ध शरीर, बोलतांना हसरा चेहरा आणि तीक्ष्ण नजर ह्यांचा उल्लेख आहे. माणसाकडे मन ओढलें जातें तें ह्या गुणांनीं. वजन लिहिलें गेलें तें सोन्याच्या हिशेबापुरतें.

तोलण्याचा प्रसंग सामान्य माणसाच्या वाट्यास क्वचितच येई. नवसाचें मूल गुळानें तोलीत. तेथेंही नोंद गुळाची, मुलाची नव्हे. धान्य, कापूस, तूप ह्यांचें वजन घराघरांत ठाऊक असे. स्वतःच्या देहाचें वजन ठाऊक असलेला मनुष्य मात्र विरळा. मग देहाकडे पाहून काय ठरवीत ? ह्याचें उत्तर भाषेंत सांठविलेलें आहे.

मराठींत शरीराच्या भरण्याचे जे वाक्प्रचार आहेत ते बहुतेक आनंदाचे आहेत. स्तुति ऐकून माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतें. मूल बाळसें धरतें. खाल्लेलें अंगीं लागतें. नवी सून जरा भरली कीं शेजारणी म्हणतात, सासर मानवलें. अंगापिंडानें चांगला असलेला तरुण खात्यापित्या घरचा दिसतो. उलट वाळणें, रोडावणें, हाडकुळा होणें, हाडांचा सापळा होणें हे शब्द उपासमार, आजार आणि काळजी ह्यांचे सोबती. ‘लठ्ठ’ ह्या शब्दासही पूर्वीं आजच्याइतकी नालस्ती चिकटलेली नव्हती. ‘लठ्ठ पगार’ ह्या प्रयोगांत त्याचा मान अद्याप टिकून आहे. एकाच बैठकींत वराचा लठ्ठ पगार कौतुकानें विचारला जातो आणि वधू लठ्ठ म्हणून नाकारली जाते, ह्या विसंगतीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. भाषा एकांगी मात्र नाहीं. ‘अंगावर चरबी चढली’ हें उद्दामास उद्देशून म्हणतात. ‘माजणें’ हा शब्दही त्याच अर्थाचा. राग मांसावर नाहीं, काम न करतां चढलेल्या मांसावर आहे.

हे वाक्प्रचार कां जन्मले हें मुळशीच्या खोऱ्यांत सहज उमगतें. हा भाताचा मुलूख. मुळशीच्या आंबेमोहोराचें नांव पुण्याच्या बाजारांत मोठें. पण पिकविणाऱ्याच्या कणगींत तो बारा महिने पुरत नसे. डोंगरउतारावर नाचणी व वरई. चिखलणी आणि आवणी ऐन पावसांत, म्हणजे शारीर कष्ट सर्वांत जास्त तेव्हां घरांतील धान्य सर्वांत कमी. ‘खावटी’ हा शब्द अशाच गरजेंतून आला. खाण्यापुरतें धान्य उसनें घ्यावयाचें आणि पीक आल्यावर फेडावयाचें. अशा मुलखांत एखाद्या मुलीच्या अंगावर मांस असलें तर त्यावरून तिच्या माहेरची कणगी दिसे. ती आवणीस वांकूं शकेल, दळणकांडण ओढूं शकेल, बाळंतपण सोसेल, एवढें पाहणाऱ्यांस कळे. शेतकरी जातींत वरपक्षानें वधूपित्यास देज देण्याची चाल होती, तिचा अर्थही हाच. जिच्या हातांस मोल आहे ती घरांतून जाते, म्हणून तिच्या घरास भरपाई.

स्त्रियांचें स्वतःचें म्हणणें ऐकावयाचें तर जात्यावरच्या ओव्यांकडे वळलें पाहिजे. पुण्याचे गी पॉइतवां व हेमा राईरकर ह्यांनीं १९८० नंतरच्या काळांत मुळशी-मावळाच्या डोंगरी गांवांतील बायकांच्या तोंडून ओव्या उतरून घेण्याचें काम चालविलें. पुढें इतर जिल्ह्यांतून भर पडून तो संग्रह लाखावर गेला. दळतांना अंगाचें पाणी होतें आणि तें बळ आईच्या दुधाचें आहे, हा भाव ओव्यांत सर्वत्र खेळतो. मुलगा किंवा भाऊ पैलवान असल्याचा अभिमान त्यांत आहे. त्या गाणारणीस शरीर हें बळाचें आणि मायेचें भांडें वाटतें. तें किती भरतें ह्याचा आंकडा तिला नको असतो.

मग आंकडा आला कोठून ? आमच्या मतें तीन गोष्टी एकामागून एक घडल्या.

पहिली, विवाहाचें वय चढलें. आठ-दहा वर्षांच्या मुलीचा संबंध जुळवितांना कूळ, गोत्र, पत्रिका व देणेंघेणें पाहत. लग्नाच्या जुन्या याद्यांत आहेर, मानपान व खर्च ह्यांच्या नोंदी असतात त्या ह्याचमुळें. मुलीचें अंग अजून घडावयाचें असे, त्यांत पाहावयाचें तें व्यंग नाहीं एवढेंच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें मर्यादा बारा वर्षांवर आली. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला, त्यानें मुलीचें विवाहवय चौदा व मुलाचें अठरा ठरविलें. शिक्षणानें तें पुढें आणखी वाढलें. आतां वाढलेली, पूर्ण अंगाची मुलगी पाहुण्यांसमोर पाटावर बसूं लागली, आणि ‘मुलगी पाहणें’ ह्या शब्दांतील पाहण्यास नवा अर्थ आला. सुधारणा स्त्रीच्या हिताची होती ह्यांत संशय नाहीं. पण तिच्या शरीरावर परक्या नजरेचा पहारा बसला तो ह्याच दारानें.

दुसरी, तराजू सर्वांच्या आटोक्यांत आला. लष्करभरती, तुरुंग, दवाखाना व विमा ह्या ठिकाणीं माणसें तोलून नोंदली जाऊं लागलीं. पुढें रेल्वे स्थानकांवर नाणें टाकून वजन सांगणारीं यंत्रें उभीं राहिलीं. त्या यंत्राच्या तिकिटावर वजनाबरोबर भविष्यही छापलेलें असे. वराहमिहिराचा तराजू चौदाशें वर्षांनीं फलाटावर येऊन उभा राहिला, फरक इतकाच कीं जड माणसास राज्य मिळण्याचें वचन त्यानें गाळलें.

तिसरी, अन्न आणि घर ह्यांचा संबंध तुटला. मुळशीस हें अक्षरशः घडलें. मुळेवरील धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व त्यांचे सहकारी झगडले. तरीही धरण झालें आणि उत्तम भातजमीन पाण्याखालीं गेली. पुढच्या पिढ्या मुंबई-पुण्यास मोलमजुरीस व नोकरीस गेल्या. ज्या मांसावरून कणगी ओळखावयाची ती कणगीच राहिली नाहीं, तेव्हां खूण निरर्थक झाली. आतां विकतचें अन्न सर्वत्र मिळतें, बसून करावयाचें काम वाढलें आहे, आणि सडसडीत राहण्यास वेळ व पैसा लागतो. तेव्हां खात्यापित्या घरचें लक्षण म्हणून सडपातळपणा पुढें आला. अंगावरून घर ओळखण्याची जुनी रीत तशीच राहिली, अंग मात्र उलटें झालें.

हा नवा आंकडा निदान प्रकृतीचा तरी खरा साक्षीदार आहे काय ? उंचीच्या वर्गानें वजन भागून काढावयाचा हा निर्देशांक बेल्जियममधील केटले ह्या गणितज्ञानें १८३२ च्या सुमारास सुचविला, तो लोकसमूहांच्या अभ्यासासाठीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत आपलें व जॉन युडकिन ह्या इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरांतील चरबी एकाची सुमारें २१ टक्के आणि दुसऱ्याची ९ टक्के. दिसण्यांत बारीक असलेला भारतीय देह आंतून चरबीचा असूं शकतो, आणि मधुमेहाचा धोका त्यास तसाच राहतो. अति स्थूलता रोगास कारण होते हें वैद्यक सांगतें व तें मान्य केलें पाहिजे. पण पाटावर बसलेल्या मुलीकडे किंवा छायाचित्राकडे पाहून तें निदान होत नाहीं. पूर्वींचे लोक मांसावरून सुख वाचीत, आजचे मांसावरून आळस वाचतात. दोन्ही वाचनें तर्काचीं आहेत.

एवढ्या विवेचनानें कोणाची आवड बदलावी असा आमचा आग्रह नाहीं. कोणास कोण आवडावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचें म्हणणें साक्षीपुरतें आहे. कार्ल्याचीं जोडपीं, मनूची गजगामिनी, वराहमिहिराचा भार, मराठीचे वाक्प्रचार आणि मुळशीच्या गाणारणी ह्यांपैकीं एकही साक्षीदार ‘पूर्वींपासून असेंच आहे’ असें सांगत नाहीं. ज्यास नकार द्यावयाचा आहे त्यानें तो स्वतःच्या नांवें द्यावा, पूर्वजांच्या नांवें देऊं नये.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. सनदा, महजर व करीने आपण जिवापाड जपतां. त्याच गाठोड्यांत लग्नाच्या याद्या, पत्रिकांचीं भेंडोळीं, वधूवरसूचक मंडळांचे जुने छापील अर्ज आणि संबंधासाठीं धाडलेलीं छायाचित्रें सांपडतात, व तीं रद्दींत जातात. वर्ण, उंची आणि वजन हे रकाने अर्जांत कोणत्या वर्षीं प्रथम आले, हें त्या कागदांवरूनच ठरणार आहे. मुळशीच्या ज्या म्हाताऱ्यांनीं खरोखर जातें ओढलें त्या दरवर्षीं कमी होत आहेत. हीं दोन साधनें हातचीं गेलीं तर पुढील अभ्यासकास ह्या विषयांत केवळ समजुतीच उरतील. म्हणून असे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनीं ते तारीखवार लावून ठेवावे, आणि विद्वानांनीं आमच्या अनुमानांतील उणिवा दाखवाव्या.